डब्ल्यूडीएम-२ : शेडमध्ये उघडता येणारं इंजिन

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या ज्या अल्को कंपनीनं डब्ल्यूडीएम-२ या डिझेल रेल्वे इंजिनाचा आराखडा दिला, तिनं १९६९ साली रेल्वे इंजिनं बनवणं बंद केलं. मग तेच इंजिन भारतात १९९८ पर्यंत कसं बनत राहिलं? ते त्या काळचं सर्वांत चांगलं इंजिन होतं का? आणि ते एवढा काळा धूर का सोडायचं?

सर्वांत चांगलं होतं असं म्हणता येत नाही. पण ते आराखड्यांसकट मिळालं आणि साध्या शेडमध्ये, म्हणजे इंजिनं ठेवायच्या आणि दुरुस्त करायच्या जागेत, साध्या हत्यारांनी उघडून पुन्हा उभं करता येत होतं. एवढी वर्षं ते त्याच जोरावर चाललं. धुराचं कारणसुद्धा इंजिनाच्या बांधणीतच आहे, त्याकडे पुढे येतो.

नावापासून सुरुवात करू. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे मिक्स्ड, म्हणजे प्रवासी गाडी आणि मालगाडी दोन्हींसाठी. २ म्हणजे या प्रकारातलं दुसरं मॉडेल. पहिलं, डब्ल्यूडीएम-१, सुद्धा अल्कोचंच. १९५७ पासून अशी १०० इंजिनं भारतात आली. त्यांत अल्कोचं '२५१' नावाचं, १२ सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं आणि ताकद १९०० अश्वशक्तीच्या आसपास. त्याची मोठी अडचण म्हणजे केबिन एकाच टोकाला. उलट दिशेनं नेण्यासाठी टर्नटेबल, म्हणजे इंजिन वळवायचं फिरतं चक्र, हवं, नाहीतर दोन इंजिनं पाठीला पाठ लावून जोडायची. वाफेच्या इंजिनांमुळे टर्नटेबलं तेव्हा जागोजागी होती म्हणून निभावलं. पण डिझेलचा खरा फायदा म्हणजे टोकाला पोचून लगेच परत फिरणं, आणि नेमका तोच त्यामुळे निम्मा व्हायचा.

१९६२ मध्ये रेल्वेनं जवळजवळ एकाच ताकदीची दोन इंजिनं आणली. एक अल्कोचं डीएल-५६० सी, म्हणजे आपलं डब्ल्यूडीएम-२. दुसरं जनरल मोटर्सच्या ईएमडी विभागाचं, त्याला डब्ल्यूडीएम-४ नाव मिळालं. दोन्ही २६०० अश्वशक्तीची, दोन्ही सहा धुऱ्यांची, दोन्हींचा कमाल वेग ताशी १२० किमी. डब्ल्यूडीएम-४ चांगलं इंजिन होतं, यात वाद नाही. १९६९ मध्ये हावडा राजधानी सुरू झाली तेव्हा ती ओढायचं काम त्याच्याकडेच होतं. पण रेल्वेला नुसती इंजिनं विकत घ्यायची नव्हती, ती वाराणसीत बनवायची होती. तंत्रज्ञान द्यायला अल्को तयार झाली आणि निवड तिथेच ठरली.

वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्सची पायाभरणी १९५६ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली होती. अल्कोशी सहकार्य १९६१ नंतर उभं राहिलं. सुरुवातीची इंजिनं अल्कोनं पूर्ण बांधून पाठवली, मग सुटे भाग आले आणि ते इथं जोडले गेले. जानेवारी १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते वाराणसीचं पहिलं इंजिन देशाला अर्पण झालं. त्याचा क्रमांक १८२३३, नाव 'कुंदन'. डिझेल इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारा मेन जनरेटर आणि त्या विजेवर चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटारी पुढे भेलच्या भोपाळ कारखान्यातून येऊ लागल्या. १९९८ मध्ये डब्ल्यूडीएम-२ चं उत्पादन थांबलं तोवर अडीच हजारांहून जास्त इंजिनं तयार झाली होती.

आता अल्को का बुडाली ते समजून घ्यायला हवं, कारण त्यात २५१ या इंजिनाचाही संबंध आहे. अल्को म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, कारखाना न्यू यॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीला. वाफेच्या काळातलं मोठं नाव. डिझेलमध्ये मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर तिनं २४४ नावाचं इंजिन घाईनं बाजारात आणलं आणि त्यात क्रँकशाफ्ट, टर्बो (सिलिंडरांत हवा दाबून भरणारं यंत्र) अशी दुखणी निघाली. ईएमडीनं बाजार जिंकला तो त्याच काळात. चुका सुधारून १९५४ मध्ये अल्कोनं २५१ आणलं. ते खरोखर दणकट होतं, पण गिऱ्हाईक तोवर निघून गेलं होतं. त्यात आणखी एक गोष्ट घडली. अल्कोच्या इंजिनांतली विजेची सगळी यंत्रणा, म्हणजे जनरेटर आणि मोटारी, जनरल इलेक्ट्रिक पुरवायची. १९६० च्या सुमारास तीच कंपनी स्वतःची मेनलाइन इंजिनं विकायला उतरली. पुरवठादारच स्पर्धक झाल्यावर अल्को आणखी नऊ-दहा वर्षंच टिकली.

२५१ मात्र मेलं नाही. कॅनडात माँट्रियलला, ऑस्ट्रेलियात आणि स्पेनमध्ये त्यावरची इंजिनं बनत राहिली. अमेरिकेत नासाचं जे अजस्र वाहन सॅटर्न रॉकेट आणि नंतर स्पेस शटल उड्डाणतळापर्यंत नेत असे, त्यातही १६ सिलिंडरची दोन अल्को २५१ इंजिनं आहेत, प्रत्येकी २७५० अश्वशक्तीची. आपल्या डब्ल्यूडीएम-२ च्या इंजिनाची ती सख्खी भावंडं.

आता इंजिन उघडू. सोळा सिलिंडर, ४५ अंशाच्या व्ही आकारात, उजवीकडे आठ आणि डावीकडे आठ. शेडमध्ये त्यांना आर-१ ते आर-८ आणि एल-१ ते एल-८ म्हणतात. सिलिंडरचा व्यास ९ इंच, स्ट्रोक साडेदहा इंच. म्हणजे एका सिलिंडरची क्षमता सुमारे ११ लिटर आणि सोळांची मिळून १७५ लिटर. चार स्ट्रोकचं चक्र, आयडलला, म्हणजे भाराशिवाय चालताना, मिनिटाला ४०० फेरे, आठव्या नॉचला, म्हणजे ड्रायव्हरच्या वेगाच्या दांड्याच्या सर्वांत वरच्या खाचेवर, १०००.

प्रत्येक सिलिंडर हा आपल्यापुरता स्वतंत्र संच आहे. वेगळं हेड, त्यात चार व्हॉल्व्ह, वेगळा लायनर (सिलिंडरची आतली नळी), वेगळा पिस्टन आणि स्वतःचा इंधन पंप. कॅमशाफ्ट दोन, दोन्ही बाजूंना एकेक, आणि तेसुद्धा तुकड्यांत जोडलेले. एल-५ चं हेड चिरलं तर फक्त एल-५ उघडायचं. वरचं हूड काढायचं, हेड क्रेननं उचलायचं, बाजूचं झाकण काढून आतून बिग एंडचे (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचे) बोल्ट सोडायचे, की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड वरून ओढून घेता येतात. बाकीच्या पंधरा सिलिंडरांना हात लावायचा नाही. तयार केलेलं दुसरं हेड आणि पिस्टन शेडमध्ये असेल तर इंजिन लवकर पुन्हा कामाला लागतं. जिथं कामगार कुशल आहेत पण यंत्रसामग्री मोजकी आहे, तिथं हा आराखडा सोन्यासारखा. म्हणूनच डझनावारी शेडना एकच इंजिन देता आलं, आणि एका शेडमधला फिटर दुसऱ्या शेडमध्ये गेला तरी त्याला काही नवीन शिकावं लागलं नाही.

हेडमध्ये सर्वांत जास्त दिसणारा दोष म्हणजे व्हॉल्व्ह सीटच्या मधल्या अरुंद पट्टीवरची चीर. त्या जागी धातू सर्वांत पातळ आणि उष्णता सर्वांत जास्त. इंजिन आठव्या नॉचवर भरपूर ओढून आल्यावर एकदम बंद केलं, तर पाण्याचा पंप थांबतो आणि त्या पट्टीतली उष्णता जागच्या जागी अडकते. म्हणून मोठ्या ओढीनंतर बंद करण्याआधी काही मिनिटं आयडलला चालवायचं हा नियम. चीर बारीक असेल तर ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. हेड पाण्याच्या दाबाखाली ठेवून तपासावं लागतं.

चिरलेल्या हेडचा किंवा लायनरच्या फाटलेल्या रबर रिंगचा खरा धोका इंजिन बंद असताना असतो. पाणी झिरपून पिस्टनच्या वर साचतं. इंजिन सुरू करताना पिस्टन वर जातो, हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बराच वेळ उभं राहिलेलं इंजिन सुरू करण्याआधी हेडवरचे डीकॉम्प्रेशन प्लग सैल करायचे आणि बारिंगच्या दांड्यानं इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचं. कुठल्या प्लगमधून पाणी आलं ते पाहायचं. आलं, तर तो सिलिंडर उघडल्याशिवाय स्टार्टचं बटण दाबायचं नाही.

इंजिन सुरू करायला वेगळी स्टार्टर मोटार नाही. ६४ व्होल्टची बॅटरी थेट मेन जनरेटरला वीज देते आणि जनरेटर मोटारीसारखा फिरून क्रँकशाफ्ट फिरवतो. इंजिन चालू झालं की ऑक्झिलरी जनरेटर ७२ व्होल्टवर बॅटरी भरतो. त्यामुळे बॅटरी उतरली की दोनशे टनांची मालगाडी असो की दोन हजार टनांची, इंजिन जागचं हलत नाही. ड्रायव्हर मंडळी स्टेशनात तासन्‌तास इंजिन आयडलला ठेवायची त्यामागे ही भीती मोठी होती. त्यात तासाला वीस-पंचवीस लिटर डिझेल जायचं, आणि नुसतं डिझेलच नाही. कमी भारावर सिलिंडर गार राहतात, पिस्टन रिंगा नीट बसत नाहीत, वंगण तेल वर चढतं आणि टर्बोच्या वाटेनं धुराड्यात साचतं. मग गाडी निघून चौथ्या-पाचव्या नॉचवर आली की धुराड्यातून तेलाचे थेंब आणि ठिणग्या उडतात. लोक म्हणतात इंजिन पेटलं. बहुतेक वेळा ते साचलेलं तेलच जळत असतं.

आता धूर. डब्ल्यूडीएम-२ चा टर्बो फक्त धुराच्या जोरावर फिरतो. ड्रायव्हरनं नॉच वाढवला की गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारं यंत्र, लगेच इंधन वाढवतो, पण टर्बोला वेग घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढा वेळ इंधन जास्त आणि हवा कमी, म्हणून काळा लोट. ईएमडीच्या इंजिनात टर्बो कमी वेगावर इंजिनाच्याच गिअरनं फिरवला जातो, त्यामुळे तिथं हवा आधीपासून तयार असते. गाडी सुटताना दोन इंजिनांच्या धुरातला फरक एवढ्या एका गोष्टीचा आहे.

सुटताना निघणारा काळा लोट हा दोष नाही. तो पाच-दहा सेकंदांत पातळ झाला पाहिजे. स्थिर नॉचवर धूर काळाच राहिला तर शोध घ्यायचा, आणि शोध स्वस्त गोष्टीपासून सुरू करायचा. आधी हवेचे फिल्टर. सोलापूरच्या बाजूला उन्हाळ्यात धुळीनं ते ठरल्या मुदतीच्या आधीच तुंबतात. मग टर्बो ते सिलिंडर या वाटेवरचे रबरी बेलो आणि गॅस्केट. तिथून दाबाखालची हवा निसटत असेल तर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे सांगतात. मग टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या आफ्टरकूलरच्या जाळीत तेलकट मळ साचला आहे का. हे सगळं ठीक असेल तरच इंजेक्टरकडे वळायचं. नोझलला नऊ बारीक भोकं असतात आणि ती सुमारे ४००० पीएसआय दाबावर उघडली पाहिजेत. टेस्ट बेंचवर फवारा धुक्यासारखा बारीक दिसला पाहिजे आणि शेवटी टक्‌कन तुटला पाहिजे. नोझलच्या टोकाला थेंब लोंबकळत राहिला तर ते डिझेल जळत नाही, पिस्टनच्या माथ्यावर सांडतं, आणि पुढे पिस्टनला भोक पडायची वेळ येते.

निळसर धूर म्हणजे वंगण तेल जळतंय. सगळ्या वेळी निळसर असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड, आयडलनंतरच जास्त असेल तर टर्बोचं ऑइल सील. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला येऊ शकतो. इंजिन तापल्यावरही तो थांबला नाही आणि एक्स्पान्शन टाकीतलं पाणी उतरत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय.

टर्बोची एक तपासणी अशी आहे की तिला घड्याळ आणि कान एवढंच लागतं. इंजिन आयडलवरून बंद करायचं आणि क्रँकशाफ्ट थांबल्या क्षणापासून टर्बोचा आवाज ऐकत राहायचं. इंजिन शांत झालं तरी आतलं चक्र आपल्या वेगात फिरत असतं, बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येतो आणि हळूहळू विरतो. तो पूर्ण थांबायला ९० ते १८० सेकंद लागले पाहिजेत. ९० च्या आत थांबला तर चक्र कुठंतरी घासतंय, म्हणजे बेअरिंग गेलं आहे, किंवा काजळी साचून फट बुजली आहे. १८० च्या पुढे गेला तर बेअरिंगमधली फट वाढली आहे. शेवटचे दहा-बारा सेकंद विशेष लक्ष द्यायचं. चांगला टर्बो सरकत सरकत थांबतो, बिघडलेला खरखरत किंवा झटका देऊन थांबतो. अशा एका झटक्याकडे दुर्लक्ष झालं तर पुढच्या फेरीत पातं तुटतं, टर्बो तर जातोच, शिवाय तुकडे आफ्टरकूलरपर्यंत पोचतात.

दुसरी तपासणी वंगण तेलाची, आणि माझ्या मते डिझेल शेडमधली सर्वांत मोलाची. नमुना इंजिन चालू आणि गरम असताना घ्यायचा. थंड इंजिनातून घेतला तर जड कण खाली बसलेले असतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. तेलाचा एक थेंब गाळण कागदावर टाकून वाळू द्यायचा. मध्ये काळा ठिपका आणि भोवती एकसारखं पसरत गेलेलं करडं वलय दिसलं, तर तेल अजून काजळी धरून ठेवतंय. सगळा काळेपणा मधेच थिजला, कड धारदार दिसली आणि बाहेर नुसतं पिवळं तेल पसरलं, तर तेलातली मळ धरून ठेवायची ताकद संपली. कड दातेरी दिसली तर पाण्याचा संशय. मग थेंबभर तेल तापलेल्या पत्र्यावर टाकायचं. तडतडलं की खात्री.

याच नमुन्याची प्रयोगशाळेत धातूंसाठी तपासणी होते. शिसं आणि तांबं वाढलं तर बेअरिंग झिजतंय. लोह वाढलं तर लायनर आणि रिंगा. ॲल्युमिनियम म्हणजे पिस्टन. सिलिकॉन म्हणजे धूळ आत जातेय, फिल्टर बघा. सोडियम वाढलं तर रेडिएटरचं पाणी तेलात येतंय, कारण त्या पाण्यात गंज टाळायला घातलेल्या रसायनात सोडियम असतं. एकाच आकड्यावर निर्णय घ्यायचा नाही. तीन-चार नमुन्यांचा कल बघायचा. आधीच्या तीन नमुन्यांत शिसं एका पातळीवर होतं आणि चौथ्यात दुप्पट झालं, तर मर्यादा ओलांडली नसली तरी क्रँककेसची (क्रँकशाफ्ट ज्यात फिरतो त्या खालच्या पेटीची) झाकणं काढून तळाशी चमचमते कण आहेत का ते बघायचं. मेन बेअरिंग हलक्या झीजेवर पकडलं तर बदलायला एक दिवस. सीझ होऊ दिलं तर क्रँकशाफ्ट जातो आणि इंजिन महिनोन्‌महिने उभं.

इंजिनात स्वतःच्या रक्षणाची साधनं आहेत, ती निकामी करून चालवायचा मोह टाळायला हवा. तेलाचा दाब फार उतरला की ऑइल प्रेशर स्विच इंजिन बंद करतो. पाणी कमी झालं की लो वॉटर स्विच. फेरे हजाराच्या वर साधारण दहा-पंधरा टक्के गेले की ओव्हरस्पीड ट्रिप इंधनाच्या पंपांचे रॅक (इंधन कमीजास्त करणाऱ्या पट्ट्या) मागे खेचतं. यांपैकी काहीही पडलं, म्हणजे त्यानं इंजिन बंद केलं, तर ते का पडलं हे कळल्याशिवाय पुन्हा सुरू करायचं नाही. क्रँककेसमधून धूर येत असेल तर झाकण लगेच उघडायचं नाही. आत गरम तेलाची वाफ असते, ताजी हवा मिळाली की भडका होतो. थंड होऊ द्यायचं, आणि मगच उघडायचं.

विजेच्या बाजूला मेन जनरेटर डीसी आणि सहा ट्रॅक्शन मोटारीही डीसी, प्रत्येक धुऱ्याला एक टांगलेली. गाडी सुटताना दोन-दोन मोटारी मालिकेत अशा तीन जोड्या समांतर जोडलेल्या असतात, कारण सुरुवातीला ओढ हवी, म्हणजे करंट हवा. वेग वाढला की मोटारी उलटा व्होल्टेज तयार करतात आणि जनरेटरची मर्यादा येते. मग सहाही मोटारी समांतर होतात. यालाच ट्रान्झिशन म्हणतात. त्या क्षणी ओढ किंचित सुटल्यासारखी वाटते आणि इंजिनाचा आवाज बदलतो, हे नेहमीचंच आहे. धुऱ्यावरच्या दातेरी चाकाला ६५ दात आणि मोटारीच्या दातेरी चाकाला १८. चाक नवं असताना व्यास १०९२ मिमी. त्यावरून ताशी १२० किमीला मोटार मिनिटाला २१०० च्या आसपास फेरे घेते. चाक झिजून लहान झालं की त्याच वेगाला मोटार आणखी जोरात फिरते. म्हणून झिजलेल्या चाकांच्या इंजिनाला जलद गाडीवर पाठवताना मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कम्युटेटर आणि कार्बन ब्रशची तपासणी आधी करावी.

पावसाळ्यात सर्वांत जास्त ग्राउंड रिले, म्हणजे वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच, पडतो. मोटारी रुळाजवळ लोंबत असल्यानं पाणी आणि चिखल त्यांच्यापर्यंत पोचतो, इन्सुलेशन उतरतं आणि वीज लोखंडात शिरते. रिले एकदा पडला तर ओलाव्याचा असू शकतो, पुन्हा लावून बघायचा. पुन्हा पुन्हा पडत असेल तर मोटार कटआउट स्विचनं एकेक मोटार वेगळी करून दोषी मोटार शोधायची आणि तिच्याशिवाय पुढे जायचं. रिलेलाच बगल देऊन रेटत राहिलं तर फ्लॅशओव्हर होऊन, म्हणजे विजेचा भडका उडून, कम्युटेटर जळतो आणि एका मोटारीऐवजी मेन जनरेटरही उतरवावा लागतो.

बोगीबद्दल, म्हणजे इंजिनाखालच्या तीन धुऱ्यांच्या चौकटीबद्दल, थोडक्यात. ट्रायमाउंट बोगीवर वजन तीन जागी येतं. मधल्या पिव्हटवर ६० टक्के आणि दोन बाजूंना २०-२० टक्के. तिन्ही धुऱ्यांमधलं अंतर सारखं नाही, आणि मोटारींची तोंडंही सगळी एकाच दिशेला नाहीत. त्यामुळे जोरात ओढताना वजन काही धुऱ्यांवरून उठतं आणि ती चाकं घसरतात. जड मालगाडीसाठी ही खरी उणीव होती, आणि पुढच्या मालगाडीच्या इंजिनांना वेगळी बोगी द्यावी लागली ती यामुळेच.

ड्रायव्हरांची जुनी तक्रार लाँग हूडची, म्हणजे केबिनच्या एका बाजूला असलेल्या लांब नाकाची. केबिन एकच, पण आत दोन कंट्रोल स्टँड, त्यामुळे वळवण्याची गरज नाही. मात्र लाँग हूड पुढे असलं की सिग्नल दिसायला समोर इंजिनाची सगळी लांबी आडवी येते आणि असिस्टंटच्या डोळ्यांवर अवलंबून राहावं लागतं. १९७० च्या दशकाच्या शेवटी काही इंजिनांना शॉर्ट हूड, म्हणजे दुसऱ्या बाजूचं आखूड नाक, उतरतं आणि मोठ्या काचा देऊन बघितल्या. त्यांना 'जंबो' म्हणायचे. तो प्रकार पुढे चालला नाही.

सुरुवातीला ही इंजिनं व्हॅक्यूम ब्रेकची होती. दाबाची हवा आणि व्हॅक्यूम दोन्ही एकाच एक्स्प्रेसर यंत्रातून मिळायचं. गाड्या एअर ब्रेकवर जाऊ लागल्या तेव्हा दुहेरी ब्रेक बसवलेल्या जुन्या इंजिनांना डब्ल्यूडीएम-२ ए म्हटलं गेलं आणि कारखान्यातूनच एअर ब्रेक घेऊन आलेल्यांना २ बी. खरी सुधारणा १९८० नंतर लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेनं केली. इंधन पंपाचा प्लंजर (डिझेल ढकलणारा दांडा) १५ वरून १७ मिमी, जास्त ताठ कॅमशाफ्ट, मोठा आफ्टरकूलर, स्टीलच्या माथ्याचे पिस्टन आणि जास्त कार्यक्षम टर्बो. तेवढंच डिझेल कमी वेळात आत गेलं की ते नीट जळतं, म्हणून धूरही घटला आणि खर्चही. याच वाटेनं १९९४ मध्ये ३१०० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीएम-२ सी आलं, ज्याला पुढे डब्ल्यूडीएम-३ ए नाव मिळालं. ब्लॉक तोच, सिलिंडर तेवढेच, व्यास तोच, आणि ताकद ५०० अश्वशक्तीनं जास्त. पतियाळाच्या कारखान्यात अठरा वर्षं चाललेली जुनी डब्ल्यूडीएम-२ नव्यानं बांधून याच ताकदीची केली गेली. त्यांच्या क्रमांकाच्या शेवटी आर असतो.

महाराष्ट्रात या इंजिनाचं घर होतं पुण्याचं घोरपडी आणि कल्याणचं शेड, आणि मोठ्या दुरुस्तीला परळचा कारखाना. मुंबईहून पुण्यापर्यंत १५०० व्होल्ट डीसी वीज होती, पुढे नव्हती. त्यामुळे दक्षिणेकडच्या गाड्यांचं विजेचं इंजिन पुण्यात सुटायचं आणि डिझेल लागायचं. पुणे-मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाल्यावर कोल्हापूरकडच्या गाड्याही याच इंजिनांवर आल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा तिथंही अल्कोचीच पिढी धावली, आणि २०२२ मध्ये तो मार्ग पूर्ण विजेवर येईपर्यंत डिझेलचं राज्य राहिलं.

तुम्हाला एखादं जुनं इंजिन उभं दिसलं आणि ते किती जुनं हे ठरवायचं असेल, तर नुसत्या क्रमांकावर जाऊ नका. मालिका १८०४० पासून सुरू झाली, मग १७ आणि १६ हजारांत गेली आणि पुन्हा १८ हजारांत परतली. त्यामुळे १८ नं सुरू होणारं इंजिन १९६२ चंही असू शकतं आणि १९९० नंतरचंही. आधी क्रमांकाच्या शेवटी आर आहे का ते बघा. मग केबिनमध्ये किंवा चौकटीवर कारखान्याची पाटी शोधा, तिच्यावर बांधणीचं वर्ष असतं. पाटी काढून नेलेली असेल तर ब्लॉकवरचा शिक्का पाहायचा, पण तो फारसा कामाचा नाही, कारण दर मोठ्या दुरुस्तीत एका इंजिनाचा ब्लॉक दुसऱ्यात जायचा.